एचएसएच्या (वैद्यकीय खर्चासाठीच्या करमुक्त बचत खात्याच्या) पैशातून क्रायोथेरपी (अतिथंडीचा उपचार) चालते का? (गुडघा, बजेट ३०० डॉलर)

पळणारी_पार्सिपनी: नमस्कार मंडळी. जूनमध्ये डाव्या गुडघ्याची आर्थ्रोस्कोपी (दुर्बिणीतून ऑपरेशन) झाली, मेनिस्कस (गुडघ्यातली गादी) फाटलं होतं (मंडळाच्या पिकनिकला खो-खो खेळताना, हसू नका). पीटी (फिजिओथेरपी) चालू आहे पण जिने चढउतर झाली की संध्याकाळी गुडघा टम्म. घराजवळ एक क्रायो सेंटर निघालंय, उणे ११० डिग्रीच्या खोलीत ३ मिनिटं उभं करतात, १० वेळांचं पॅकेज ३५० डॉलर, घासाघीस केली तर ३०० ला देतील असं वाटतंय. काउंटरवरची मुलगी म्हणाली एचएसए कार्ड चालतं. खरंच चालतं का? ३०० च्या वर जायचं नाहीये. माझा हाय डिडक्टिबल प्लॅन (विम्याने पैसे देण्याआधी बराच खर्च स्वतः करायचा तो) आणि एचएसए, नवऱ्याच्या ऑफिसात एफएसए (नोकरीतून मिळणारं वैद्यकीय खर्चाचं करमुक्त खातं) पण आहे, यातलं कुठलं वापरू?

टेक्सासचा_तात्या: ताई ३०० मध्ये काही होत नसतं, स्पष्ट सांगतो. मी गॅरेजमध्ये कोल्ड प्लंजचा (गार पाण्यात बुडून बसायचा) टब बसवलाय, चिलरसकट ५,२०० पडले आणि सगळे एचएसएतून. टब विकणाऱ्यांच्या साइटवरच एक प्रश्नावली असते, पाठ दुखते वगैरे टिक करायचं, १० मिनिटांत डॉक्टरचं मेडिकल नेसेसिटीचं (वैद्यकीय गरज आहे असं) पत्र ईमेलवर. रोज सकाळी ४५ फॅरनहाइटला ४ मिनिटं, दोन वर्षांत साधी शिंक नाही.

शंकेखोर: तात्या ते पत्र जपून ठेवा, लागेल. आयआरएसने (अमेरिकेच्या आयकर खात्याने) मार्च २०२४ मध्ये नेमकी हीच सूचना काढली होती, की माणसाने स्वतःच भरलेल्या माहितीवर दिलेली अशी पत्रं म्हणजे खर्च आपोआप वैद्यकीय होत नाही. आजाराचं निदान, उपचार, प्रतिबंध यासाठी असेल तर ठीक, नुसतं तब्येतीला बरं म्हणून असेल तर नाही, त्यांच्याच पब्लिकेशन ५०२ मध्ये लिहिलंय. आणि @पळणारी, कार्ड चालतं म्हणजे मशीनला चालतं. एचएसएत स्वाइप करताना कोणी विचारत नाही, ऑडिट आलं की विचारतात.

टेक्सासचा_तात्या: माझ्या टबावर तुमचा डोळा का? माझा सीए बघून घेईल.

मिनेसोटाकर_मन्या: आमच्याकडे नोव्हेंबर ते मार्च क्रायोथेरपी मागच्या अंगणात फुकट 😄 ड्राइव्हवे साफ करायला या, जेवण आमच्याकडून.

कांदेपोहे_क्युपर्टिनो: माझं एसीएलचं (गुडघ्यातल्या लिगामेंटचं) ऑपरेशन झालं तेव्हा सर्जनच्या ऑफिसनेच बर्फाचं पाणी फिरवणारं मशीन लिहून दिलं, ब्रेगचं पोलर केअर. छोट्या कूलरसारखा डबा असतो, त्यात बर्फ आणि पाणी, नळीतून गुडघ्याच्या पट्ट्यात फिरत राहतं. २०० च्या आसपास पडलं, एचएसएतून दिलं, पावती आणि चिठ्ठी फाइलला. सूज खरंच उतरते कारण थंड नेमकं गुडघ्याला लागतं, अख्ख्या अंगाला नाही. फक्त पट्टा उघड्या कातडीवर ठेवू नकोस, मी पहिल्याच रात्री लावून झोपले आणि सकाळी लाल चट्टा, पीटीने चांगलं झापलं.

फोडणीचा_भात: मशीन कशाला, फ्रोझन मटारची पिशवी. गुडघ्यावर बरोब्बर बसते. माझ्या तिन्ही मुलांचे घोटे एकाच पिशवीवर बरे झाले, ते मटार खायचे नाहीत एवढंच.

मिशिगन_मावशी: अगं आमच्या ह्यांच्या तळपायाला चामखीळ होती, स्किनच्या डॉक्टरने लिक्विड नायट्रोजनने गोठवली, बिलावर क्रायोथेरपीच लिहिलेलं आणि एचएसएतून एका झटक्यात गेलं. त्यामुळे चालतं.

शंकेखोर: मावशी तो डॉक्टरने केलेला उपचार आहे. शब्द एक, प्रकार दोन. ती उणे ११० ची खोली जी आहे तिला एफडीएने (औषधं-उपकरणांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी खात्याने) कुठल्याही आजारासाठी मान्यता दिलेली नाही, २०१६ मध्ये त्यांनीच सांगितलंय.

मिशिगन_मावशी: मी कुठे खोलीचं म्हणतेय? आणि माझ्या नणंदेने केमोच्या वेळी केस जाऊ नयेत म्हणून कोल्ड कॅप (डोकं गार ठेवणारी टोपी) घेतली होती, ती पण डॉक्टरच्या पत्रावर एचएसएतूनच. केस बऱ्यापैकी राहिले हो तिचे.

नवा_भिडू: मध्येच विचारतो, आई व्हिजिटर व्हिसावर आलीय, तिचेही गुडघे दुखतात. माझ्या एचएसएतून तिच्यासाठी ते बर्फाचं मशीन घेता येईल का?

बोस्टनची_बाकरवडी: नाही. ती तुझी टॅक्स डिपेंडंट नाही, भारतात राहणारी आई होऊच शकत नाही. मशीन खिशातून घे. उलट स्वतःसाठी भारतात उपचार घेतलेले चालतात, मी पुण्यात रूट कॅनाल केलं आणि इथे एचएसएतून परत घेतलं, पावती ठेवली. इकडच्या भावाच्या चौथा हिस्सा, डॉक्टर पण शांत.

फोडणीचा_भात: पुण्यात कुठे?? व्यनि करा प्लीज.

कांदेपोहे_क्युपर्टिनो: मलापण.

टॅक्सवाली_वहिनी: सगळे बर्फात अडकलात आणि मुख्य गोष्ट कोणी वाचलीच नाही. @पळणारी, नवऱ्याचा एफएसए जर साधा, म्हणजे सगळ्या वैद्यकीय खर्चाला चालणारा असेल, तर तुला एचएसएत पैसे टाकताच येत नाहीत. त्याने त्यातला एक डॉलर तुझ्यावर खर्च केला नसला तरी. तो प्लॅन तुझे खर्च देऊ शकतो एवढं पुरतं. टाकलेली रक्कम जास्तीची धरतात, रिटर्न भरायच्या मुदतीत काढून घेतली नाहीस तर दरवर्षी ६ टक्के. आधी एचआरला विचार, लिमिटेड पर्पज (फक्त दात-डोळ्यांच्या खर्चाचा) असेल तर काळजी नाही. आणि क्रायोचं म्हणशील तर ३५० चुकीचे ठरले तर २० टक्के दंड अधिक इन्कम टॅक्स, २२ च्या स्लॅबमध्ये असशील तर जवळजवळ १४७ डॉलर. त्यात तुमचं न्यू जर्सी राज्य एचएसएला करात सूट देतच नाही, स्टेट टॅक्स तू आधीच भरलायस. सर्जनला विचार, तो स्वतः ह्या गुडघ्यासाठी लिहून देणार असेल तर गोष्ट वेगळी.

बे_एरिया_बाळू: कॅलिफोर्नियातही देत नाहीत सूट.

कांदेपोहे_क्युपर्टिनो: हो ना, दरवर्षी विसरते.

टेक्सासचा_तात्या: म्हणून टेक्सासला या.

पळणारी_पार्सिपनी: वहिनी, तुमचा मेसेज वाचून रात्रभर झोप नाही. सकाळी नवऱ्याला एचआरला फोन करायला लावला, त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं काय घेतलंय. लिमिटेड निघाला, दात आणि डोळ्यांचाच. हुश्श. सर्जनने पत्र द्यायला नकार दिला, म्हणाला पाय वर ठेवून बर्फ लाव, १५ मिनिटं, दिवसातून तीनदा. मशीन बघितलं पण इतकं बर्फ करायला आमचा फ्रीज पुरणार नाही, आणि मटार लावून बसायचा मला कंटाळा येतो. तर मी काल ते क्रायोचं पॅकेज घेतलंच, साध्या क्रेडिट कार्डावर, ३४० ला सोडलं. काल पहिलं झालं. गुडघ्याचं माहीत नाही पण बाहेर आल्यावर एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं.

टॅक्सवाली_वहिनी: बजेट ३०० होतं ना?

शंकेखोर: 🙏

टेक्सासचा_तात्या: टब विकायचाय, ३,८०० ला देतो. बायको म्हणते गॅरेजमध्ये गाडी लावायची.