डांगी गाईला गीर वळूची रेतमात्रा (कृत्रिम रेतन) भरावी का? दूध वाढेल, पण पावसात टिकेल का?

घोटीकर_विक्रोळी

नमस्कार मंडळी. मी विक्रोळीला राहतो, नोकरी ठाण्याला. गाव घोटीजवळ, इगतपुरी तालुका. गावी आई एकटी असते, तिच्याकडे चार डांगी गाई (आमच्या घाटातली देशी जात) आहेत. प्रश्न त्यांच्याबद्दलच आहे.

तीन वर्षांपूर्वी मीच हट्ट केला आणि कर्ज काढून एक संकरित होल्स्टीन (विलायती रक्ताची गाय) घेतली. व्यायल्यावर दिवसाला 14 लिटरपर्यंत गेली. आईने आयुष्यात एका गाईखाली एवढं दूध पाहिलं नव्हतं, रोज संध्याकाळी फोनवर आकडा सांगायची. पण ती पुन्हा गाभण राहीना. चार वेळा भरली, चारही वेळा उलटली. दुसऱ्या पावसाळ्यात खूर मऊ पडून फुटले, मग गोचीड ताप आला. खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी सुजली होती. आईला वाटलं मार लागलाय. डॉक्टर येईपर्यंत लघवी लाल झाली होती. श्रावणातल्या सोमवारी गाय गेली. कर्जाचे हप्ते मी अजून भरतोय.

त्याच पावसात, त्याच गोठ्यात आमची डांगी गाय चांदी उभी होती. अंगावर गोचीड तिच्याही होते. तिला काही झालं नाही. माहीत नसलेल्यांसाठी सांगतो, डांगीच्या अंगातून तेलकट स्राव येतो. पावसात भिजून आलेल्या चांदीच्या पाठीवर हात फिरवला की तळहात चिकट, काळपट होतो आणि पाण्याचे थेंब केसांवरून घरंगळतात. आई तो हात पदराला पुसते आणि म्हणते, “हिला घोंगडी देवानं दिलीय.” आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यात ती चार महिने रानात चरते. आठ वेळा व्यायली आहे. पण दूध वेळेला एक लिटर, म्हणजे दिवसाचे दोन.

इथे आमच्या सोसायटीत गीर गाईच्या दुधाला लोक आनंदाने दुप्पट पैसे मोजतात. म्हणून मनात आलं की चांदीला आणि तिच्या कालवडीला गीरची रेतमात्रा भरली तर? गीर देशीच आहे. दूधही वाढेल आणि काटकपणाही राहील. की मी पुन्हा तीच चूक करतोय? आईला दुसऱ्यांदा त्या दुःखातून न्यायचं नाही. जाणकारांनी मनापासून सांगावं.

निवृत्त_पशुवैद्य_गोरेगाव

तुमची पोस्ट दोनदा वाचली. गाय गेली त्याचं वाईट वाटलं. थायलेरियात (हाच तुमचा गोचीड ताप) गाठ सुजल्याच्या पहिल्या दोन दिवसांत औषध मिळालं तर जनावर बहुतेक वेळा वाचतं, पण हे घरात कुणीतरी आधी सांगून ठेवायला हवं होतं. तुम्हाला गाय विकणाऱ्याचं ते काम होतं, आईंचा दोष नाही.

आता प्रश्न. गीर देशी आहे, पण देशी म्हणजे एकच जात नव्हे. गीर सौराष्ट्राची. कोरड्या उन्हात, कमी पावसात ती तयार झाली. अंगाने डांगीपेक्षा मोठी, म्हणजे खाणंही जास्त. तुमच्याकडच्या चिखलात तिचे खूर किती टिकतील याची खात्री मी देणार नाही. डांगीचे खूर काळे आणि टणक असतात, भाताच्या खाचरात चिखलणीला तिचे बैल म्हणून तर चालतात. संकर केलात की तेलकट कातडी आणि ते खूर निम्मेशिम्मे येतील. पुढच्या पिढीत पुन्हा गीर भरली तर आणखी निम्मे. गेलेला गुण दूध वाढल्याच्या आनंदात कुणाला दिसत नाही. तो एखाद्या मोठ्या पावसाच्या वर्षी दिसतो.

आणि दुधाच्या भावासाठी गीरच हवी असंही नाही. लोक ज्या ‘ए2’ (दुधातल्या प्रथिनाचा एक प्रकार) नावाने पैसे मोजतात, तसं दूध आपल्या देशी गाईंचं जवळजवळ सगळंच असतं. म्हशीचंसुद्धा. चांदीचं दूध आजही त्यात बसतं.

मी 28 वर्षं गोरेगाव-जोगेश्वरीच्या तबेल्यांत काम केलं. निवड नुसत्या दुधावर केली की काय होतं ते मी पुस्तकात नाही, तिथल्या दावणीला पाहिलं. हरियाणाच्या, गुजरातच्या गावात जी म्हैस सगळ्यात जास्त दुधाची, तीच व्यापारी हेरायचा आणि व्यायल्या व्यायल्या मुंबईला आणायचा. मुऱ्हा, जाफराबादी, मेहसाणा. एक जाफराबादी मला अजून आठवते, कास घड्यासारखी, दोन्ही वेळचं मिळून 18 लिटर. तिचं पारडू पंधरा दिवसांत मेलं, कारण त्याला दूध पाजणं मालकाला परवडत नव्हतं. मी मालकाला म्हटलं, हिला भरू या, अशी म्हैस पुन्हा मिळणार नाही. तो म्हणाला, “डॉक्टर, मुंबईत भाकड म्हशीला तीन महिने उभी करायची जागा कुठंय?” त्याचं गणित खोटं नव्हतं. वैरण बाहेरून, पेंड बाहेरून, जागा सोन्याच्या भावाची. नवव्या महिन्यात दूध चार लिटरवर आलं आणि ती ट्रकमध्ये चढली. एका वेतात तिचा वंश संपला. आरे कॉलनी 1949 साली उभी राहिली ती शहरातले तबेले एका जागी, स्वच्छ आणि मोकळ्या हवेत नेण्यासाठी. तिथे 32 तबेले आणि सोळा हजार जनावरांची सोय झाली. म्हशींना हवा मिळाली, पण आणायची, पिळायची आणि काढून टाकायची ही रीत बदलली नाही. गावोगावच्या सगळ्यात चांगल्या म्हशी वर्षानुवर्षं अशाच मुंबईत येऊन संपल्या. मागे गावात राहिल्या त्या दुय्यम, आणि पैदास त्यांच्यापासून झाली. हे आठवलं की अजून पोटात तुटतं.

जास्त दूध वाईट असं मी म्हणत नाही. दोन लिटरवर घर चालत नाही हे खरंच आहे. पण व्यायल्यानंतर गाईचं दूध भराभर चढतं आणि खाणं तेवढं चढत नाही, तेव्हा ती अंगावरची चरबी उतरवून दूध देते. अशा गाईचा माज मुका होतो (माजावर आली तरी बाहेर दिसत नाही), ती उलटते. तुमच्या होल्स्टीनचं हेच झालं असणार. परदेशातही होल्स्टीन दुधासाठी निवडत गेले तशी गाभण राहण्याची क्षमता घसरली, आणि अमेरिकेत 2003 पासून वळूच्या मूल्यमापनात मुलींच्या गाभण राहण्याचं प्रमाणही धरायला लागले. नॉर्वेने आपल्या तांबड्या गाईंच्या बाबतीत हे 1970 च्या दशकातच सुरू केलं होतं, कासदाह (कासेची सूज) आणि वंध्यत्वाच्या नोंदी ठेवून.

तुम्ही काय करावं? आधी मोजा. महिन्यातून एकदा, ठरल्या तारखेला, दोन्ही वेळचं दूध मापात घ्या. आई वासराला किती सड सोडतात? बहुतेक दोन. म्हणजे चांदी दोन लिटर देते हे खरंच नाही, ती चारच्या आसपास देते आणि निम्मं वासरू पितं. हा आकडा आजवर तुमच्या हिशेबातच आलेला नाही.

मग डांगीतच वळू शोधा. एकाच गोठ्यातल्या गाईंच्या दुधातला फरक साधारण पाव हिस्सा वंशातून येतो, बाकी खाण्यापिण्यातून आणि देखभालीतून. गाभण राहण्याचा गुण तर वंशातून एक दशांशही येत नाही, म्हणून तो वाढवणं फार सावकाश होतं. पण बिघडवणं सोपं असतं, म्हणून निदान उलटणाऱ्या गाईची कालवड पुढे ठेवू नका. वळूची आई पाचपेक्षा जास्त वेळा व्यायलेली, दर सव्वा-दीड वर्षाने व्यायलेली, चारही सड शाबूत आणि गावात दुधाला वरचढ अशी असावी. चार गाईंत निवड होत नाही. पाड्यावरच्या चाळीस-पन्नास गाई मिळून एक वळू धरा आणि तीन वर्षांनी बदला, नाहीतर तो स्वतःच्या मुलींवर जाईल.

गाभणपणाचे शेवटचे दोन महिने चांदीला मूठ-मूठ पेंड आणि खनिज मिश्रण वाढवा. एवढ्यानेही पुढच्या वेतात फरक दिसेल.

अकोल्याची_वहिनी

दादा, आमच्याकडे, नगरकडच्या अकोले तालुक्यात, सात डांगी आहेत. डॉक्टरांचं पटलं, फक्त एक सांगते. देशी म्हणजे काहीच होत नाही असं धरून बसू नका. 2022 ला लम्पी त्वचारोगाची साथ आली तेव्हा आमच्याही दोन आजारी पडल्या, एक वासरू गेलं. डांगीला काय होतंय म्हणून आम्ही लस उशिरा टोचली. गाय काटक असली तरी लस, जंताचं औषध चुकवू नका.

वळूसाठी आमच्या तालुक्यातल्या राजूरच्या प्रदर्शनाला या. तिथं वळू छान सजवून आणतात, पण आईला कुणी आणत नाही. मालकाचं गाव विचारून घ्या आणि नंतर घरी जा.

घोटीकर_विक्रोळी

डॉक्टर, वहिनी, खूप आभार. काल रात्री आईला फोनवर सगळं वाचून दाखवलं. दोन सडांचं ऐकून ती गप्प झाली, मग म्हणाली, “तीनच सड काढते मी, चौथा वासराचा. पण कालवड असली की दोन सोडते.” म्हणजे चांदी कधी अडीचच्या खाली नव्हतीच! मी नोकरीवरून दोन लिटरचा हिशेब करत बसलो होतो. आईने चांदीच्या आईचंही सांगितलं. ती आजोळहून आलेली, नऊ वेतं झाली, एकदाही उलटली नाही. हे सगळं तिच्या डोक्यात आहे, कागदावर एक ओळ नाही. शनिवारी वही आणि एक लिटरचं माप घेऊन जातोय.

गीरचं सोडून दिलं. एकच विचारायचं राहिलं. वळूची आई किती वेळा व्यायली हे मालक सांगेल तेच खरं मानायचं का?

निवृत्त_पशुवैद्य_गोरेगाव

दात पाहून पाचेक वर्षांपर्यंतच वय नीट कळतं, तोवर आठही कायमचे दात आलेले असतात. पुढे शिंगाच्या बुडाशी वळी मोजा. प्रत्येक वेताला साधारण एक उमटते. दोन वळ्यांमधलं अंतर मोठं दिसलं तर मधे एखादं वर्ष ती गाभण राहिली नव्हती असं समजा. बाजारात व्यापारी शिंगं तासून वळी घालवतात, म्हणून गोठ्यातच जा. पहाटे धारेच्या वेळी पोहोचा, आणि धार काढणारी बाई कोण आहे ते पाहून तिच्याशी बोला, मालकाशी नंतर.