मशीन झोपत नसेल तर लाइटबिल सॉफ्टवेअरवाल्याला पाठवा

चाटीगल्ली (धागा सुरू करणार)
सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरीच्या कारखान्याचं ऑफिस सांभाळतो. २० पीसी आहेत. संध्याकाळी सातला कुलूप लागतं ते सकाळी नऊला उघडतं. मधले चौदा तास सगळी मशीन टक्क जागी. अर्ध्या तासाने स्लीप, असं सेटिंग आहे, तरी एकही झोपत नाही.

कारण बिलिंगचं सॉफ्टवेअर. सुरू होतानाच ते विंडोजला कळवतं, 'मी कामात आहे, झोपू नकोस', आणि ती विनंती मागे घेतच नाही. सिनेमा चालू असताना किंवा बॅकअप घेताना ही सोय हवीच. पण ऑफिसात चिटपाखरू नसताना बिलिंगला कसलं आलंय काम? तुमच्याकडे कोण जागवतंय ते बघायचं असेल तर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडा, पॉवरसीएफजी लिहून पुढे तिरकी रेघ आणि रिक्वेस्ट्स टाका (powercfg /requests). नावानिशी यादी येते.

हिशेब करा. रिकामा बसलेला डेस्कटॉप ४५ वॅट धरा, झोपलेला २ वॅट. २० मशीन, १४ तास, म्हणजे रात्रीला १२ युनिट. युनिटला १० रुपये धरले तरी महिन्याला साडेतीन हजार पाण्यात.

वीज वाचवा म्हणून आपण स्विचजवळ स्टिकर लावतो आणि क्लार्कला बोलतो. प्रोग्राम लिहिणाऱ्याला कोणी विचारत नाही. यंत्रमागावर बाणा, म्हणजे आडवा धागा, तुटला की माग आपोआप थांबतो. ती सोय माग बनवणाऱ्याने दिली, विणकराच्या सवयीवर सोडली नाही. सॉफ्टवेअर घेताना आपण हे का मागत नाही?

जुळेसोलापूरकर
संध्याकाळी जाताना शटडाऊन करायला काय होतं? बोटं दुखतात का? आणि १२ युनिटचं काय घेऊन बसलात. मे महिन्यात ४३-४४ डिग्रीत दीड टनाचा एक एसी दिवसभर चालला की तेवढे गेलेच. इकडे फताटेवाडीला १३२० मेगावॅटचा वीजप्रकल्प आहे आणि तुम्ही पीसीची झोप मोजताय. डोंगर पोखरून उंदीर.

चाटीगल्ली
एसी रिकाम्या खोलीत रात्रभर कोणी चालू ठेवत नाही, मशीन ठेवतात. शटडाऊनचं म्हणाल तर सांगून बघितलं. जुनी मशीन सकाळी सुरू व्हायला इतका वेळ घेतात की लोक टाळतात. आणि दुपारी दोन-दोन तास माणसं पॅकिंगला जातात तेव्हा काय, दरवेळी शटडाऊन? त्या वेळात मशीन जी गरम हवा सोडतं ती बाहेर काढायला तुमचा तोच एसी राबतो. म्हणजे पैसे दोनदा.

होटगीरोड
मी सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. प्रोग्रामरला गोड बोलून काही होत नाही, हा अनुभव आहे. काम झालं ते ऑपरेटिंग सिस्टिमने दांडा उगारल्यावर. ॲपलने २०१३ मध्ये मॅकच्या मॅव्हरिक्स आवृत्तीत ॲप नॅप आणलं, मागे झाकून गेलेला प्रोग्राम सिस्टिमच मंद करते. अँड्रॉइड ६ मध्ये, २०१५ साली, डोझ आलं. फोन पडून असला की ॲपना ठरावीक वेळीच जाग मिळते. कोणाला विनवणी करावी लागली? मायक्रोसॉफ्टनेही तेच करावं. उगीच आम्हा दोन-तीन माणसांच्या धंद्यावर ओझं कशाला?

चाटीगल्ली
डोझ आलं आणि लगेच ॲपवाले विचारायला लागले, 'बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करू का?' दांडा उगारला की पळवाटही निघते. शिवाय सिस्टिमला कसं कळणार की 'झोपू नकोस' ही विनंती खरी गरजेची आहे की आळसाची? ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

पान्हा_पक्कड
मी हार्डवेअरवाला. स्लीप 'नेव्हर', म्हणजे मशीनने कधीच झोपायचं नाही, असं करून येणारा माणूस मीच, आणि पुढेही करणार. कारण ऐका. नव्या पेठेत, चाटी गल्लीत निम्म्या दुकानांत अजून जुनी डीबीएफवाली, म्हणजे सगळा डेटा साध्या फाइलींत ठेवणारी, सॉफ्टवेअर आहेत. डेटा एका मशीनवर, बाकीची सगळी नेटवर्कवरून तीच फाइल उघडून बसलेली. एखादं मशीन झोपलं की त्याचं कनेक्शन तुटतं. जागं झाल्यावर प्रोग्रामला याचा पत्ताच नसतो, तो जुन्याच फाइलीत लिहायला जातो. मग एरर, मग इंडेक्स (नोंदी शोधायची सूची) खराब, मग मालकाचा फोन. लग्नसराईत काउंटरवर गिऱ्हाईक उभं असताना री-इंडेक्स करत बसून दाखवा, मग विजेचं बोलू.

चाटीगल्ली
दादा, तुम्ही माझीच बाजू मांडलीत. तुम्ही 'नेव्हर' करता कारण प्रोग्रामला झोपून उठता येत नाही. मशीन झोपण्याआधी विंडोज प्रत्येक चालू प्रोग्रामला निरोप देते, साधारण दोन सेकंद मिळतात. उठल्यावर पुन्हा निरोप येतो. पहिल्या निरोपाला फाइल बंद करायची, दुसऱ्याला परत जोडून घ्यायची. लिनक्सवरही तसा निरोप मिळतो. ही काही कालची सोय नाही. निरोप येतो, आणि प्रोग्राम तो वाचत नाही.

होटगीरोड
लिहायला चार ओळी, तपासायला चार आठवडे. प्रत्येक मशीनची झोप वेगळी. नव्या लॅपटॉपमध्ये मॉडर्न स्टँडबाय असतो, स्क्रीन काळी पण आत निम्मं चालूच. माझं गिऱ्हाईक कोटेशनमधून पाचशे रुपये कमी करायला अर्धा तास घालतं, ते झोपेच्या टेस्टिंगचे पैसे देणार? जीएसटीचे बदल वेळेत दिले तरी गंगेत घोडं न्हालं.

थर्डइयर_सीएसई
आमच्या लॅबमधल्या हजेरीच्या प्रोग्रामवर पॉवरटॉप लावून बघितलं. लिनक्सवर कोणता प्रोग्राम प्रोसेसरला सेकंदाला किती वेळा उठवतो ते त्यात दिसतं. हा पठ्ठ्या दर १०० मिलिसेकंदांनी फोल्डरमध्ये नवी फाइल आली का बघत होता. फाइल येते दिवसातून दोनदा. लिनक्सचीच आयनोटिफाय ही सोय वापरली तर फाइल आल्यावर कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, स्वतः सांगतो, तोवर प्रोग्राम गप्प. पण प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत हे कोणी विचारत नाही, फीचर्स किती तेवढंच विचारतात. जर्मनीचं ब्लू एंजल हे पर्यावरणाचं प्रमाणपत्र २०२२ मध्ये ओक्युलर या पीडीएफ वाचायच्या सॉफ्टवेअरला मिळालं. तिथे वीज किती खाल्ली हे मोजलं जातं. मोजलं तर लोक लिहितात.

जुळेसोलापूरकर
दिवसातून दोनदा येणाऱ्या फाइलीसाठी सेकंदाला दहा चकरा? कोण शिकवतं बे तुम्हाला?

थर्डइयर_सीएसई
काका, शिकवायच्या नोट्समध्येच तसं दिलंय.

चाटीगल्ली
होटगीरोड, पैशाचं तुमचं म्हणणं रास्त आहे. म्हणून पुढच्या एएमसीत, म्हणजे वर्षाच्या देखभालीच्या करारात, मी हे कलम घालणार आहे: काम नसताना प्रोग्रामने मशीनला झोपू द्यावं, मशीन उठल्यावर एंट्री न हरवता चालू राहावं, आणि हे आमच्या ऑफिसात दाखवल्यावरच शेवटचा हप्ता. त्याचे वेगळे पैसे द्यायला मालक तयार आहेत. साडेतीन हजारांचा हिशेब त्यांना दाखवलाय.

पान्हा_पक्कड
डेटा ज्या मशीनवर आहे ते झोपवायचं नाही, हे त्यात ठळक लिहा. नाहीतर सकाळी सगळे मिळून मलाच शोधत याल. आणि सुरुवात डिस्पॅचच्या मशीनपासून करा, स्टॉकची एंट्री तिथून होत नसेल तर.

चाटीगल्ली
ते मान्य. डिस्पॅचच्या दोन मशीनवर फक्त बघायचं काम चालतं.

होटगीरोड
मग त्या दोन मशीनचं मॉडेल आणि विंडोजची आवृत्ती कलमातच लिहा. उद्या नवा लॅपटॉप आणून 'हाही झोपला पाहिजे' म्हणाल तर त्याचे पैसे वेगळे. आणि शेवटचा हप्ता अडकवणार असाल तर तो दहा टक्क्यांच्या वर नको. एवढं असेल तर मी कोटेशन देतो.