फाटकाला खुर्ची लावू नका
‘पोहताना मुलांच्या दंडाला हवेचे फुगे बांधले की काळजी मिटली’ असं कुणीतरी लिहिलंय, ते नाही पटलं. फुगे निसटतात. आणि बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही, गुपचूप खाली जातं.

आम्ही सिडनीत राहतो. इथे घरच्या स्विमिंग पूलला १.२ मीटर उंच कुंपण कायद्यानेच लागतं. फाटक आपोआप मिटणारं, पूलकडे नाही, बाहेरच्या बाजूला उघडणारं. पण पार्टीच्या दिवशी लोक ते उघडंच राहावं म्हणून त्यालाच खुर्ची लावून ठेवतात, मग काय उपयोग! कुंपणालगत कुंडीसुद्धा नको, पोरं चढतात.

लोणावळ्याला भाड्याचा बंगला घेतला की कुंपण बऱ्याचदा नसतंच. तिथे आम्ही पाळ्या लावतो: १५ मिनिटं एकाने फक्त पाण्याकडे बघायचं, मोबाइल दुसऱ्याकडे द्यायचा. (नवरा कुरकुरतो, पण देतो.) पोहून झालं की खेळणीही बाहेर काढा, तरंगता चेंडू दिसला की छोटं पोर धावतंच.