मदत हवी आहे: वडिलांची थॅलियम टेस्ट, चहा आणि दीड वर्षाचा नातू

नमस्कार मंडळी. आमचे आबा, वय ६९, कोल्हापूर. सगळी नोकरी शिरोलीच्या फौंड्रीत. महिनाभर झालं, रंकाळ्याची निम्मी फेरीपण होईना. छातीत भरून येतं, कट्ट्यावर पाच मिनिटं टेकले की उतरतं. ईसीजीत लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक (हृदयातल्या विजेच्या डाव्या वाटेत अडथळा) निघाला, म्हणून टीएमटीच्या, म्हणजे पट्ट्यावर चालवून काढतात त्या ईसीजीच्या आलेखावरून काही कळणार नाही म्हणाले. तसेही आबांचे गुडघे पट्ट्यावर टिकले नसते. किडनीचं क्रिएटिनिन वाढून १.८ आहे, त्यामुळे अँजिओग्राफीत टोचतात त्या डायची किडनीला धास्ती. म्हणून डॉक्टरांनी आधी औषध देऊन स्ट्रेस थॅलियम (किरणोत्सर्गी औषध टोचून हृदयाला रक्त कुठं कमी पोचतं त्याचे फोटो काढतात ती टेस्ट) करा म्हणून सांगितलंय.

टेस्टच्या आधी २४ तास चहा बंद! आबांचा दिवस सहा कपांचा. एक कप घेतला तर खरंच बिघडतं का? आणि किरणोत्सर्गी औषध टोचल्यावर नातवाला किती वेळ लांब ठेवायचं? तो मांडीवरून उतरत नाही.

प्रतिसाद १:
माझ्या आईची झालीय. चहाचं मनावर घ्या. अ‍ॅडेनोसिनसारख्या औषधानं हृदयाच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, कॅफिन नेमकं तेच अडवतं. मग रक्त कमी पोचणारा भाग फोटोत दिसतच नाही आणि खोटा नॉर्मल रिपोर्ट हातात येतो. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफिन असतं. दम्याचा पंप असेल तर आधीच सांगा, हे औषध दमेकऱ्यांना सहसा देत नाहीत. रोजच्या गोळ्या मात्र आपल्या मनानं थांबवू नका.

नाव थॅलियम, पण आता बहुतेक ठिकाणी टेक्नेशियम टोचतात. ते दर ६ तासांनी निम्मं होतं. दिवसभरात सोळावा हिस्सा उरतो, लघवीतून जातं ते वेगळंच. पाणी भरपूर पाजा आणि नातवाला तो एक दिवस मामाकडं धाडा.

एक गोष्ट मात्र विचारून ठेवा. तिन्ही मोठ्या रक्तवाहिन्या सारख्याच अरुंद असल्या तर फोटोत सगळीकडं सारखाच रंग येतो आणि दोष लपू शकतो. रिपोर्ट नॉर्मल आला आणि त्रास तसाच राहिला, तर पुढं काय? आणि बसल्याजागी दुखायला लागलं तर टेस्टच्या तारखेची वाट बघू नका, थेट इमर्जन्सी गाठा.

धागाकर्ता:
लई उपकार झाले. आबांना वाचून दाखवलं. आता विचारतायत, कॉफी चालंल का.