आइसलँडची ती पोरं म्हणजे लॉटरी नव्हती

हाफव्हॉली:
काल 'आकडेमोड' यांनी लिहिलं: "आइसलँडचं फुटबॉल म्हणजे लॉटरी. आठ-दहा बरी पोरं एकाच वेळी जन्मली, हॉलंड-इंग्लंडने ती घडवली, 2016 ला इंग्लंडला हरवलं, विषय संपला. शिकण्यासारखं काही नाही." दोन ओळींत उत्तर द्यायला बसलो होतो. जमलं नाही, राग आला.

2016 चा तो नीसमधला 2-1 सगळ्यांना आठवतो. त्याच्या सहा वर्षं आधीचं कुणी बघतच नाही. ऑगस्ट 2010 मध्ये हाफनारफ्योर्दुरला आइसलँडच्या 21 वर्षांखालच्या संघाने जर्मनीला 4-1 ने हाणलं. जर्मनी तेव्हा या वयोगटात युरोपचा गतविजेता. मग मुख्य स्पर्धेत शिरण्यासाठीच्या प्ले-ऑफमध्ये स्कॉटलंडला दोन्ही सामन्यांत 2-1, दुसरा तर एडिनबरोत जाऊन, आणि गिल्फी सिगुर्दसनचे दोन गोल. दुसऱ्याच दिवशी मोठ्या संघाचा पोर्तुगालशी सामना होता. तरी चांगली पोरं छोट्या संघाकडे ठेवली, आणि मोठा संघ घरच्या मैदानावर 1-3 हरला. कुठली संघटना असं करते? ज्यांना ठाऊक असतं की उद्याचा संघ हाच आहे, तेच करतात.

2011 ची 21 खालची युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा, डेन्मार्कमध्ये. बेलारूसकडून 0-2, स्वित्झर्लंडकडून 0-2, आणि शेवटी यजमान डेन्मार्कला 3-1. तीन संघांचे तीन-तीन गुण. आपसातल्या सामन्यांचा गोलफरक मोजला तर बेलारूस अधिक एक, आइसलँड शून्य, डेन्मार्क उणे एक. शेवटच्या सामन्यात अजून एक गोल झाला असता तर आइसलँड उपांत्य फेरीत होतं. एक गोल! आणि त्या संघात कोण होतं? गिल्फी, आरोन गुन्नारसन, कोलबेन सिग्थोरसन, आल्फ्रेड फिनबोगासन, बिरकिर ब्यार्नासन, योहान बर्ग गुडमंडसन. हेच पुढे 2016 ची युरो खेळले, आणि कोलबेन सोडून बाकीचे 2018 चा विश्वचषकही. मॉस्कोत अर्जेंटिनाला 1-1 वर रोखलं तेव्हा गोल आल्फ्रेडचाच.

तेव्हा सव्वातीन लाखांचा देश. आपल्या कोल्हापूर शहराची 2011 च्या जनगणनेतली लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास. लॉटरी म्हणून सोडून देणं सोपं आहे, मग आपल्याला काही करावं लागत नाही.

आकडेमोड:
माझ्या अर्ध्याच वाक्याला उत्तर दिलंत. ती पोरं घडवली कुणी, हेही मी लिहिलं होतं. गिल्फी पंधरा-सोळाव्या वर्षी इंग्लंडच्या रेडिंग क्लबाकडे गेला. कोलबेन, आरोन, योहान बर्ग हॉलंडच्या आझेड अल्कमारकडे. बिरकिर तर लहानपणीच नॉर्वेत. ज्या वयात खेळाडू पक्का होतो त्या वयात ही पोरं परक्या अकादमीत होती. श्रेय कुणाचं?

आणि यंत्रणा एवढी भक्कम होती तर पुढे काय झालं? 21 खालचा संघ पुन्हा युरोला पोचायला 2021 उजाडलं, आणि तिथे रशिया, डेन्मार्क, फ्रान्स, तिन्ही सामने हरले. मोठा संघ 2018 नंतर एकाही मोठ्या स्पर्धेत नाही. 2020 च्या युरोसाठी हंगेरीविरुद्ध 87 व्या मिनिटापर्यंत पुढे होते, शेवटी 1-2. यंत्रणा पीक दरवर्षी देते. एकदाच आलेल्या पिकाला मी पाऊस चांगला झाला असंच म्हणणार.

कोपावोगुरची आई:
नऊ वर्षं इथे आइसलँडमध्ये राहते आहे, मूळची सांगलीची. बरंच मनात आहे, लिहू दे.

आधी एक गोष्ट. तुम्ही दोघंही फक्त मुलग्यांबद्दल बोलताय. आइसलँडचा महिला संघ 2009, 2013, 2017, 2022, 2025, सलग पाच युरो खेळला. हेच क्लब, हेच हॉल, हेच प्रशिक्षक. ही पण लॉटरीच का, आकडेमोड?

आता हॉलबद्दल. इथे नोव्हेंबरात चार-साडेचारला अंधार होतो. वारा असा की सरळ मारलेला चेंडू मागे येतो. पूर्वी हिवाळ्यात खेळ जवळजवळ बंदच असायचा. 2000 पासून पूर्ण आकाराची बंदिस्त मैदानं बांधायला लागले, केफ्लाविकपासून सुरुवात. आमच्या गावच्या हॉलमध्ये माझी मुलगी आठवड्यातून तीनदा जाते. घरी आल्यावर बुटांतून काळ्या रबराचे दाणे पडतात, मोज्यांत, अंथरुणात, एकदा पोळीच्या डब्यात सापडले. त्याच हॉलच्या क्लबात, ब्रेइदाब्लिकमध्ये, गिल्फी, योहान बर्ग आणि आल्फ्रेड वाढले. तेव्हा परदेशी जाण्याआधी ते रिकामे होते असं म्हणू नका.

मुलीचा प्रशिक्षक दिवसा शाळेत शिकवतो, संध्याकाळी इथे. परवानाधारक, पगारी. सात वर्षांच्या मुलांनाही असाच माणूस मिळतो. आणि कुणालाही "तू नको" म्हणत नाहीत. माझी मुलगी पहिलं वर्षभर बॉलकडे पाठ करून उभी राहायची, तरी तिला काढलं नाही.

स्वर्ग वगैरे नाही हं. फी भरपूर आहे, नगरपालिका थोडी भार उचलते. स्पर्धेच्या प्रवासाचे पैसे जमवायला पोरं दारोदार टॉयलेट पेपरचे गठ्ठे विकतात. मागच्या वर्षी आमच्या हॉलवेमध्ये असे पंचेचाळीस गठ्ठे होते.

तालमीचा पोरगा:
ताई, वाचून गलबलून आलं. आमच्याकडे कौतुक कमी आहे असं समजू नका. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचे संघ भिडले की पेठ रिकामी होते. प्रेक्षक आइसलँडपेक्षा कमी नाहीत.

पण पावसाळ्यात काय? जूनपासून मैदान म्हणजे चिखल. त्यांच्यासाठी बर्फ, आपल्यासाठी पाऊस, एवढाच फरक. त्यांनी हॉल बांधला, आपण चार महिने बूट माळ्यावर टाकतो. आता गल्लोगल्ली टर्फ झालीत, तासाला हजार-बाराशे मागतात. वडील रिक्षा चालवतात त्या पोराने कुठून द्यायचे? मीही तसाच. 16 खाली जिल्हा संघाच्या निवडीला गेलो होतो. समोरचा स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, माझ्यापेक्षा वीतभर उंच, दाढी करून आलेला. त्याची निवड झाली. दोन महिन्यांनी कळलं, तो कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होता. त्या दिवसापासून मी या वयोगटांवर विश्वास ठेवायचा सोडला.

संध्याकाळचा रेफ्री:
तालमीच्या पोराने दुखरी नस दाबली. अठरा वर्षं शिट्टी वाजवतोय. हॉल, टर्फ, परवाने, हे सगळं नंतर. आधी वयचोरी थांबवा.

एका 14 खालच्या स्पर्धेत ओळखपत्रं तपासत होतो. एका संघात अकरापैकी सात पोरांची जन्मतारीख 1 जून. सातही ओळखपत्रांवर एकाच शाईने. एका पोराच्या हनुवटीवर ब्लेडचा ताजा व्रण. व्यवस्थापक म्हणतो, "सर, सही करा, ऊन चढतंय." मी सही केली. सांगायला लाज वाटते, पण केली. नाही केली असती तर पुढच्या स्पर्धेला बोलावलं नसतं. त्या सामन्यात खऱ्या तेरा वर्षांच्या एका पोराचं मनगट मोडलं.

फातोर्डेकर:
आमच्या गोव्यात पण हेंच. उपाय आहे पण. फिफा 17 खालच्या विश्वचषकासाठी 2009 पासून वय पडताळायला मनगटाचा एमआरआय करते. 2017 मध्ये फातोर्ड्याला इराणने जर्मनीला 4-0 मारलं तो सामना मी बघितलाय, त्या पातळीवर धाक असतो. राज्यपातळीवर का नको?

मास्तरीण:
थांबा जरा. 1 जून म्हणजे चोर, हे कुठून आणलंत? मी तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत होते. ऊसतोडीला गेलेल्या बाईचं बाळ फडात जन्मलं, तारीख कोण लिहून ठेवणार? पोराला शाळेत घालताना विचारलं तर आई म्हणायची, "पेरणी झाली होती." आम्हीच 1 जून घालायचो. माझ्या वडिलांची तारीख पण तीच. त्या पोराला तुम्ही मैदानातून हाकलणार? आणि एमआरआयमध्ये तारीख दिसत नाही, हाडाची वाढ पूर्ण झाली की नाही तेवढंच दिसतं. लवकर वाढणाऱ्या खऱ्या सोळा वर्षांच्या पोरावर शिक्का बसला तर त्याचं वय परत कोण देणार?

संध्याकाळचा रेफ्री:
बाई, तुम्ही वर्गात होतात, मी मैदानात होतो. मनगट मोडलेल्या पोराच्या आईसमोर तुम्ही उभ्या राहिला नाहीत.

मास्तरीण:
आणि शाळा सोडलेल्या पोराच्या आईसमोर तुम्ही राहिला नाहीत. सही तुम्हीच केलीत ना? मग त्या सात पोरांना दोष देऊ नका, व्यवस्थापकाला द्या.

संध्याकाळचा रेफ्री:
सहीचं बरोबर आहे. सातांमध्ये दोन-तीन खरे 1 जूनचे असतील, हेही मानतो. सगळे नव्हते, एवढंच माझं म्हणणं.

कोपावोगुरची आई:
इथे राष्ट्रीय ओळख क्रमांकाचे पहिले सहा अंक म्हणजे जन्मतारीखच. दिवस, महिना, वर्ष. बाळ जन्मलं की नोंद होते आणि क्लबात नाव घालतानाही तोच क्रमांक. त्यामुळे हा वाद इथे कुणाला समजणारच नाही. पण मास्तरीणबाईंचं मला पटतं. प्रत्येक बाळाचा जन्म नोंदवला जातो म्हणून इथे वय खरं आहे. पोरं जास्त प्रामाणिक आहेत म्हणून नव्हे.

आकडेमोड:
महिला संघाचं मला माहीत नव्हतं. सलग पाच युरो लॉटरीत येत नाहीत, हे मान्य. "शिकण्यासारखं काही नाही" हे शब्द मागे घेतो. बाकी मागे घेत नाही. गिल्फीसारखा पोरगा पंधरा-सोळाव्या वर्षी कोपावोगुर सोडून गेला, हे खरंच आहे.

आणि तालमीच्या पोरा, आइसलँडचं काही शिकायचं तर हॉलच्या आधी हे: तीन हजार वस्तीच्या गावात संघाला जेमतेम सोळा पोरं मिळतात. त्यातून निवड करताच येत नाही, सगळ्यांना घ्यावंच लागतं. आपल्याकडे दोनशे येतात, आपण एकशे चौऱ्याऐंशी घरी पाठवतो. म्हणून तर दाढीवाला स्टॉपर आत शिरतो. निवडच नसेल तर वय चोरून मिळणार काय?

हाफव्हॉली:
हे मी लिहायला हवं होतं, तुम्ही लिहिलंत. रागातच वाचलं, पण बरोबर आहे.

एक मात्र सोडणार नाही. आपले पोरगेही बाहेर जातातच. अनिकेत जाधव आमच्या कोल्हापूरचा, 2017 चा 17 खालचा विश्वचषक भारताकडून खेळला. तो गेला याचं दुःख नाही, अभिमान आहे. दुःख हे की त्याच्या वयाची पेठेतली बाकीची पोरं कुठे गेली याची नोंद कुणाकडे नाही. योहान बर्ग हॉलंडला गेला तेव्हा त्याच्या क्लबातले बाकीचे खेळत राहिले, आणि 2010 मध्ये ब्रेइदाब्लिकने पहिल्यांदा लीग जिंकली.

तालमीचा पोरगा:
माझ्या तुकडीतले बाराजण होतो. एकजण पोलिसात, दोघं एमआयडीसीत, एक दुबईला. खेळतो मी एकटाच, तेही रविवारी. ताई, तुमच्या त्या हॉलचं भाडं कोण भरतं, क्लब की नगरपालिका? आमच्या भागातलं एक जुनं गोदाम रिकामं पडलंय. पत्रे शाबूत आहेत. नगरसेवकाकडे जायच्या आधी हे विचारून ठेवतो.

कोपावोगुरची आई:
बांधला नगरपालिकेने, वापरतो क्लब. पैशांची नेमकी वाटणी गुरुवारी सरावाला गेले की प्रशिक्षकाला विचारते. गोदामाची लांबी-रुंदी मोजून ठेव. आणि उंचीही. लहान मुलं बॉल आडवा कमी आणि वर जास्त मारतात.