शिडाची होडी : प्राथमिक वर्गानंतर पुढे कसे शिकावे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पाच वर्षांपूर्वी मी मुंबई बंदरातल्या एका क्लबात शिडाची होडी हाकायला शिकलो. तेव्हापासून ऑक्टोबर ते मे या हंगामात बहुतेक रविवार पाण्यावर जातात. मात्र त्या वर्गानंतर आपण नवे काहीच शिकलेलो नाही, हे गेल्या मार्चमध्ये मांडव्याहून परतताना मला लख्ख जाणवले.

सकाळी मतलई वारा पडला होता, खारा वारा अजून सुटला नव्हता आणि सुकतीच्या (ओहोटीच्या) ओढीने आमची होडी जहाजांच्या मार्गात शिरली. समोरून मालवाहू जहाज येत होते आणि सुकाणू माझ्या हातात होते. यंत्रावर चालणाऱ्या जहाजाने शिडाच्या होडीला वाट द्यायची, एवढेच मला पाठ होते. पण जे जहाज अरुंद मार्ग सोडून सुरक्षितपणे जाऊ शकत नाही, त्याची वाट शिडाच्या होडीने अडवू नये, असे समुद्रात टक्कर टाळण्यासाठीच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला नववा नियम सांगतो. जहाजाने पाच आखूड भोंगे दिले. आम्ही दोघांनी वल्ही मारून होडी कशीबशी कडेला काढली. ‘तुमचा इरादा कळत नाही’ असा त्या भोंग्यांचा अर्थ असतो, हे मला घरी येऊन पुस्तक उघडल्यावर समजले. माझ्या भरवशावर होडीत बसलेल्या मित्राचा चेहरा मी विसरू शकत नाही.

जून ते सप्टेंबर होड्या किनाऱ्यावर असतात. हे चार महिने मला नेटाने अभ्यासाला द्यायचे आहेत. चार मीटरच्या भरतीत तिसऱ्या तासाला पाणी साधारण एक मीटर चढते, हा बाराव्या हिश्शाचा हिशेब (भरतीच्या सहा तासांत पाणी अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ बारांश चढते) मला येतो. परंतु प्रवाहाची ओढ धरून नकाशावर दिशा आखताना मी हमखास अडतो. ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनचा ‘डे स्किपर’ (दिवसा होडी हाकणाऱ्या कप्तानासाठीचा) सैद्धान्तिक अभ्यासक्रम घरबसल्या करता येतो. त्यातले सराव-नकाशे काल्पनिक किनाऱ्याचे असतात, म्हणून तो केलेल्यांना विचारतो : तिथे शिकलेले आपल्या बंदराच्या नकाशावर, इथल्या उधाणात वापरताना कितपत उपयोगी पडले?

व्हीएचएफवर, म्हणजे होडीवरच्या रेडिओवर, संकटकाळच्या सोळाव्या चॅनलवरून मदत मागण्याचे शब्द मी वाचले आहेत, पण मोठ्याने एकदाही उच्चारलेले नाहीत. त्याचा सराव कोणाबरोबर आणि कसा करावा?

सर्वांत जास्त काळजी मात्र पाण्यात पडलेल्या माणसाची वाटते. फेंडर (होडीच्या कडेला धक्क्यापासून बचावासाठी टांगतात ती हवेची उशी) पाण्यात टाकून तो परत उचलण्याचा सराव आम्ही एकदा केला, पण फेंडर हलका असतो. भिजलेला, थकलेला माणूस होडीत उरलेल्या एकट्या साथीदाराने वर कसा घ्यावा, हे कोणी प्रत्यक्ष करून पाहिले असल्यास कृपया सविस्तर लिहावे. हंगाम सुरू होताच पहिल्याच रविवारी आम्ही ते करून पाहणार आहोत.