नोटीस बोर्डावरचा कागद कोणी काढला?

माई (ए-३): नोटीस बोर्डावरचा मधुमेहाच्या औषध-चाचणीचा कागद कोणी काढला? ह्यांना सोमवारी कोल्हापूरला न्यायचंय. फोन नंबर त्यावरच होता.

अप्पा (बी-१): मी काढला. जाहिराती लावायच्या नाहीत हे ठरलंय. आणि फुकट औषध कोणी देत नसतो. माणसांचे उंदीर करतात.

सेक्रेटरी: अप्पा, ठरलं होतं ते शिकवणीच्या जाहिरातींचं. काढण्याआधी एक फोन करायचा होतात.

अप्पा: पंपाचं काम देताना मला कोणी फोन केला होता?

सेक्रेटरी: तो विषय इथे नको, प्लीज.

वहिनी (सी-२): माई, माझ्याकडे फोटो आहे, पाठवते. त्यात खाली सीटीआरआय नंबर दिलाय, म्हणजे देशातल्या औषध-चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला नंबर. तो आधी त्यांच्या साइटवर टाकून बघा. कुठला टप्पा, किती रुग्ण, कुठली रुग्णालयं, एथिक्स कमिटीची, म्हणजे रुग्णांचं हित बघणाऱ्या समितीची मंजुरी आहे का, सगळं दिसतं. २००९ पासून ही नोंदणी सक्तीची आहे, तीही पहिला रुग्ण घेण्याआधी.

नाना (ए-१): टप्पा म्हणजे काय ता नीट सांगा.

वहिनी: पहिल्यात मोजकी, बहुधा निरोगी माणसं. औषध सोसतं का ते बघतात. दुसऱ्यात थोडे रुग्ण, डोस ठरवायला. तिसऱ्यात बरेच रुग्ण आणि चालू औषधाशी तुलना. चौथा औषध बाजारात आल्यावर. माईंच्या कागदावरची चाचणी तिसऱ्या टप्प्याची आहे. कोणाला नवं नि कोणाला जुनं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं, डॉक्टरच्या मर्जीवर नाही. ‘तुम्हाला नवंच मिळेल’ असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबा.

अप्पा: परत सांगतो, फुकट औषध कोणी देत नसतो.

डॉक्टर (बी-४): अप्पा, खर्च कंपनी करते, कारण चाचणीतला पुरावा दिल्याशिवाय तिला औषध विकायची परवानगी मिळत नाही. आणि उंदीर म्हणू नका. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या ७० रुग्णांवर अशीच चाचणी केली, २०११ साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. ३५ जणांना नुसतं प्राझोसिन हे विंचूदंशावर आधीपासून देतात ते औषध, ३५ जणांना प्राझोसिन आणि प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झाले पहिल्यांतले ८, दुसऱ्यांतले ३२. तुलना केली नसती तर हा फरक आकड्यांत दिसला असता?

बाबू (सी-४): नवं औषध चालू असताना हापूस चालेल का? 😄

डॉक्टर: खाल्लात तर खरं सांगा. लपवलंत की साखर वाढल्याचं खापर औषधावर फुटतं. काढा, चूर्ण घेत असाल तर तेही सांगायचं.

नाना: बागेतल्या गड्यालाही बोलावलंय. त्याका वाचूक येणा नाय.

वहिनी: मग चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार पूर्ण वेळ सोबत हवा. फॉर्म मराठीत वाचून दाखवायचा, मग अंगठा, मग साक्षीदाराची सही आणि तारीख. माई, तुम्हीही फॉर्म घरी आणून वाचा. सही केल्यावर प्रत मागून घ्या, ती देणं त्यांना बंधनकारक आहे.

अप्पा: आणि काही बरंवाईट झालं तर?

डॉक्टर: हा प्रश्न बरोबर. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीदरम्यान इजा झाली तर उपचार मोफत. चाचणीमुळेच झाली असं ठरलं तर वर नुकसानभरपाई, मृत्यू झाला तर वारसांना. गंभीर घटना डॉक्टरने २४ तासांत कळवायची असते. आणि नको वाटलं तर कधीही बाहेर पडता येतं, नेहमीचे उपचार त्यांना थांबवता येत नाहीत. फक्त न कळवता गोळ्या सोडू नका.

माई: करूळ घाट पावसात बंद पडला तर?

वहिनी: हे आधीच विचारा. प्रत्येक तपासणीच्या तारखेला मागेपुढे काही दिवसांची मुभा असते, ती किती हे लिहून घ्या. गाडीभाडं देणार असतील तर फॉर्मात लिहिलेलं असतं. उपाशीपोटी रक्त द्यायचं असेल त्या दिवशी एसटी स्टँडवर चहा नको, नाहीतर फेरी वाया. उरलेल्या गोळ्या आणि रिकाम्या पट्ट्या टाकू नका, त्या परत घेऊन मोजतात.

वहिनी: पुन्हा सांगते, सही केलेल्या फॉर्मची प्रत.

माई: हो गो, लक्षात आहे.

अप्पा: कागद फाडलेला नाही, कपाटात आहे. सकाळी लावतो. पंपाचं उत्तर मात्र अजून आलेलं नाही.